विमानाला मुभा, फटफटीला मज्जाव

मुंबईच्या उपनगरात राहत्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधता येते. मी थट्टा करीत नाही. कांदिवलीजवळ चारकोपला कॅप्टन अमोल यादव यांनी गच्चीवर सहा आसनांचे विमान उभे केले, फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांना दाखविले, नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची सरकारी नोंदणी झाली, व्हीटी-एनएमडी ही अक्षरे त्याच्या अंगावर चढली, आणि २०१९ मध्ये त्याला उड्डाणाची परवानगीही मिळाली. हे सुखासुखी झाले असे कोणी समजू नये. त्या गृहस्थाने वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरे झिजविले. प्रकरण मुख्यमंत्र्यांपर्यंत आणि पंतप्रधानांपर्यंत गेले, तेव्हा कोठे कागद हलला. पण हलला! एका माणसाने आपल्या हौसेने बांधलेले एकच विमान सरकारी दप्तरात दाखल झाले.

आता याच मुंबईच्या दुसऱ्या टोकाला, मानखुर्दला या. येथे सोळा वर्षांचा एक पोरगा गुडघ्याएवढी फटफटी बांधतो. तिला दप्तरात जागा नाही. विमान कोसळले तर वस्तीच्या वस्ती होरपळेल. फटफटी कलंडली तर पोराचा कोपर सोलपटेल. तरीही विमानाला अखेर वाट मिळाली आणि फटफटीला भिंत. या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे कथा मागितली होती. कथा पुढच्या वर्षी देईन. यंदा मला भांडावयाचे आहे.

मी शिकलेला तो मॅट्रिकपर्यंत. पुढे चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली आणि मानखुर्दच्या एका शाळेत चित्रकलेबरोबर कार्यानुभवाचे तास घेतो. कादंबऱ्या लिहितो ते रात्री. यंत्रशास्त्रातला अधिकार मला नाही. परंतु जे डोळ्यांसमोर घडले ते सांगावयास पदवी लागत नाही.

प्रथम ही बुटकी फटफटी म्हणजे काय ते सांगतो, कारण आमच्या शाळेतल्या एका बाईंना ते खेळणे वाटले होते. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी छत्रीधारी सैनिकांसाठी ‘वेलबाइक’ नावाची घडीची मोटरसायकल केली. विमानातून खाली सोडावयाच्या नळकांड्यात ती मावे, आणि तिला ९८ सी.सी.चे इंजिन होते. अशा साडेतीन हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या. १९६१ साली जपानात होंडाने तोक्योजवळच्या एका करमणूक-बागेत मुलांसाठी पाच इंची चाकांची गाडी ठेवली. मोठी माणसे तिच्यावर बसली की माकडासारखी दिसत, म्हणून तिचे नावच ‘मंकी’ पडले, आणि त्या नावाची गाडी पुढे देशोदेशी रस्त्यांवर धावली. आणि आपल्याकडे? राज कपूर यांचा ‘बॉबी’ १९७३ साली आला. त्यात ऋषी कपूर ज्या ठेंगण्या राजदूतवर डिंपलला घेऊन हिंडला, ती एस्कॉर्ट्सची १७५ सी.सी.ची जी.टी.एस.; लोकांनी तिला ‘बॉबी’च म्हटले. तो आर. के. स्टुडिओ मानखुर्दहून हाकेच्या अंतरावर, चेंबूरला होता. २०१७ साली तो आगीत जळाला आणि नंतर विकला गेला. पण ठेंगणी गाडी एके काळी नायकाची गाडी होती, एवढे ध्यानात असू द्या.

माझा विद्यार्थी लल्लूभाई कंपाउंडात राहतो. रेल्वेच्या आणि रस्त्यांच्या कामांत ज्यांच्या झोपड्या गेल्या त्यांना तेथे इमारतींत २२५ चौरस फुटांची घरे मिळाली. त्या २२५ फुटांत पाच माणसे, एक शिलाई यंत्र आणि एक मोटरसायकल, असा संसार वर्षभर चालला. सांगाडा कॉटखाली, इंजिन मोरीच्या कट्ट्यावर, आणि चाके गॅलरीत दोरीला टांगलेली. आई म्हणे, “सर, याच्या ग्रीसनं माझ्या पिकोच्या साड्या खराब होतात.” तक्रार खरी होती, पण संध्याकाळी ग्राहक बाया आल्या की तीच माउली कॉटखालून सांगाडा ओढून दाखवीत असे.

सामान कोठले, हा पहिला प्रश्न सर्वांना पडतो. मानखुर्दला तो पडू नये. आमच्या एका अंगाला १९२७ पासूनचे देवनारचे कचरा-मैदान, दुसऱ्या अंगाला मंडाळ्याची भंगाराची गोदामे. सबंध मुंबई जे टाकते ते आमच्या दारावरून जाते. पोराने मोपेडचे जुने ५० सी.सी.चे टू-स्ट्रोक इंजिन वजनावर घेतले. दहा इंची चाके मोडलेल्या स्कूटरची. सांगाडा इंची लोखंडी पाइपाचा, तोही खिडक्यांची ग्रिले करणाऱ्याच्या शेडमधल्या उरलेल्या तुकड्यांतून. त्या ग्रिलवाल्याने त्याला वेल्डिंग शिकविले, फुकट. मोबदला म्हणून रविवारी शेड झाडावयाची. पाइप एका बाजूने सलग जोडत गेलास तर उष्णतेने ओढ घेऊन वाकडा होईल. आधी चार ठिकाणी टाका मार, मग आलटूनपालटून समोरासमोर भर, हे त्या माणसाने दोन वाक्यांत सांगितले आणि पोराने चार सांगाडे-तुकडे वाया घालवून शिकून घेतले.

पहिला सांगाडा उभा राहिला तेव्हा गाडी ढकलतानाच हँडल थरथरू लागले. कारण शोधावयास त्याला तीन आठवडे लागले. हँडलचा दांडा ज्या तिरक्या रेषेत असतो ती रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती चाक जेथे टेकते त्या बिंदूच्या थोडी पुढे पडली पाहिजे. त्या अंतरावर चाक सरळ राहण्याची ओढ अवलंबून असते. मोठ्या चाकाच्या गाडीचा चिमटा जसाच्या तसा घेऊन त्यात लहान चाक घातले की हे अंतर आपोआप घटते. पोराने दांड्याच्या रेषेत दोरी ताणली, आसाच्या मध्यावरून ओळंबा सोडला, फरशीवर खडूने दोन खुणा केल्या. खुणांमधले अंतर अर्धा इंचही नव्हते. त्याने हँडलची नळी कापली, अधिक तिरकी करून पुन्हा जोडली आणि अंतर अडीच इंचांवर आणले. थरथर थांबली.

दुसरे असे की, मोपेडचे सोळा इंची रिमचे चाक काढून दहा इंची रिमचे स्कूटरचे चाक बसविले, की इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी कमी अंतर तोडते. किती कमी? रिम धरून भागत नाही, टायरसकट व्यास धरावा लागतो. मोपेडच्या चाकाचा व्यास एकवीस इंचांच्या आसपास, याचा सतराच्या आसपास. म्हणजे वेग सुमारे पाचातला एक भाग घटणार. हा हिशेब त्याने सातवीच्या जुन्या वहीच्या मागल्या पानावर मांडला होता. हा मुलगा नववीत ‘गुणोत्तर व प्रमाण’ या प्रकरणात नापास झालेला. त्याच्या प्रगतिपुस्तकात गणितापुढे लाल रेघ आहे, मी पाहिली आहे.

माझ्या कार्यानुभवाच्या तासाला आम्ही काय करतो म्हणाल, तर कागदी फुले. आइसक्रीमच्या काड्यांची घरे. थर्माकोलवर सरकारी बंदी आली, तेव्हा पुठ्ठ्याचे किल्ले. यांतील निम्मी कामे मुलांच्या आया रात्री जागून करतात आणि उरलेली स्टेशनाबाहेरच्या दुकानात तयार मिळतात. ‘प्रकल्प’ या नावाने, वरती नाव लिहावयाची कोरी पट्टी चिकटवून. गांधीजींनी १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत हस्तव्यवसायातून शिक्षणाची कल्पना मांडली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शब्द रुजविला. २०२० च्या नव्या धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार-कुंभारांच्या हाताखाली पाठविण्याचे ठरविले. तीन पिढ्या हे ठराव ऐकत वाढल्या. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढून शाळेतल्या मुलांच्या हाती वेल्डिंगचा चिमटा दिला, तेथे जुन्या जीपच्या भागांतून लहान ट्रॅक्टरही उभा राहिला. म्हणजे होत नाही असे नाही. करावयाचे नसते इतकेच. ज्या शाळांना अटल टिंकरिंग प्रयोगशाळेचे वीस लाखांचे अनुदान मिळते त्यांचा मला हेवा वाटत नाही. पण आमच्या शाळेत साधा शेगडा नाही, करवत कपाटात कुलपात आहे, आणि कुलपाची किल्ली मुख्य लिपिकाकडे.

तर गाडी झाली. ब्रेक दोन्ही चाकांना, मडगार्ड, मागे तांबडा दिवा, पेट्रोलची टाकी जुन्या तेलाच्या डब्याची. रविवारी सकाळी इमारतीमागच्या मोकळ्या जागेत त्याने ती चालविली. रस्त्यावर नव्हे, आतल्या आत, तीन फेऱ्या. डोक्यावर वडिलांचे हेल्मेट. कोणीतरी आवाजाची तक्रार केली, दोन शिपाई आले आणि “कागद दाखव” म्हणाले. इंजिनाचा कागद नव्हता, कारण किलोवर विकलेल्या लोखंडाला कागद कोण देतो? चोरीची आहे काय, ही चौकशी झाली. वडिलांना बोलावणे गेले. पोराला कानफटात बसली की नाही याविषयी बापलेक दोघेही बोलत नाहीत. गाडी चौकीच्या आवारात राहिली, एक पावसाळा तेथेच भिजली, आणि नंतर ती कोठे गेली हे कोणी सांगेना.

वडील कंत्राटदाराच्या डंपरवर ड्रायव्हर आहेत, देवनारला कचरा टाकतात. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मला वाटले होते, ते पोरावर तापलेले असतील. ते म्हणाले, “सर, लिंक रोडला नेली असती तर मीच मोडली असती. माझ्याच चाकाखाली आला असता. पण मैदानात चालवायला काय हरकत होती?”

मला आजवर या प्रकरणात ऐकावयास मिळालेला सर्वांत शहाणा प्रश्न हाच. त्याचे उत्तर शोधीत मी कायदा वाचला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला ५० सी.सी.पर्यंतची मोटरसायकल चालविण्याचा परवाना मिळू शकतो. उत्तम; पण ५० सी.सी.च्या पेट्रोल गाड्या बाजारातून गेल्या. पुण्याच्या कायनेटिकने १९७२ साली काढलेली लुना, जिने निम्म्या महाराष्ट्राला पायडलवरून इंजिनावर आणले, तीही गेली. आज त्या नावाने मिळते ती विजेची. म्हणजे कायदा सोळा वर्षांच्या मुलाला जी गाडी चालवू देतो ती विकत मिळत नाही, आणि ती त्याने घरी केली तर गुन्हा. नवी गाडी रस्त्यावर आणावयाची तर १९८९ च्या नियमांतील १२६ वा नियम निर्मात्याला सांगतो की, नमुना तपासणी-संस्थेकडे न्या. अशा संस्थांपैकी दोन पुण्यात आहेत आणि एक नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. लाखो गाड्या काढणाऱ्या कारखान्याला जे दार, तेच एकुलती एक गाडी करणाऱ्या पोराला. हत्तीच्या दारातून मुंगीला मज्जाव नाही, असे म्हणणारा वकील मला भेटला. त्या तपासणीचा खर्च किती, हे त्याला विचारले तेव्हा त्याने घड्याळ पाहिले.

२०१९ च्या दुरुस्तीने मालकाने परवानगीवाचून गाडीत बदल केला तर दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिने कैद, अथवा दोन्ही. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. गंमत अशी की, याच कायद्याच्या व्याख्येत एक फट आहे: चारांहून कमी चाकांची आणि २५ सी.सी.हून अधिक नसलेल्या इंजिनाची गाडी ‘मोटार वाहन’च नव्हे! गवत कापावयाच्या यंत्रांतले लहानात लहान इंजिन त्यात बसते. म्हणजे घरगुती फटफटीची कल्पना कायद्याला अगदीच परकी नाही. फक्त २५ आणि ५० यांच्यामध्ये, जेथे खरे शिकणे सुरू होते, तेथे त्याने डोळे मिटले आहेत. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या मोटरसायकलीची एकेकटी तपासणी करून तिला नोंदणी देण्याची रीतसर सोय आहे. ब्रेक, दिवे, आवाज पाहतात. उत्तीर्ण झाली तर क्रमांक देतात, नाही झाली तर काय चुकले ते लिहून देतात. काय चुकले ते लिहून देतात, हे शब्द मी मुद्दाम दोनदा लिहीत आहे. आमच्या पोराला कोणी काय चुकले ते सांगितले?

यावर माझे स्नेही म्हणतात, अहो, आपल्याकडे गुणांची कदर होते. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या लोहाराचे उदाहरण पाहा. पाहू या. त्या कारागिराने भंगारातून, दुचाकीसारखी लाथ मारून सुरू होणारी छोटी चारचाकी केली. डिसेंबर २०२१ मध्ये तिचे चित्रण आनंद महिंद्रांच्या पाहण्यात आले. त्यांनी मोकळेपणाने कौतुक केले, आणि तितक्याच मोकळेपणाने सांगितले की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती अडवतील. तेव्हा तिच्या बदल्यात मी बोलेरो देतो. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो आली. महिंद्रांचा मोठेपणा मी नाकारीत नाही. उद्योगपतीच्या हाती जे होते ते त्यांनी दिले. पण सरकारच्या हाती जे होते ते कोणी दिले? गाडी करणारा माणूस शेवटी गाडी मिळालेला माणूस झाला आणि टाळ्या पडल्या. त्याने केलेली गाडी प्रदर्शनात गेली, रस्त्यावर नाही.

त्याच सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हेही माझ्यासारखेच ड्रॉइंग मास्तर. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेतली नोकरी सोडून बेळगावला सायकलींचे दुकान घातले, मग कडबा कापावयाचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी नांगर घेईनात. १९१० साली औंध संस्थानात माळरान मिळाले आणि कारखाना उभा राहिला. लक्ष्मणरावांना त्या वेळी कोणी “तुमचा नांगर ठेवून घेतो, हा घ्या विलायती” म्हटले असते तर?

सुरक्षिततेचा मुद्दा मी टाळणार नाही, तो खरा आहे. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर डंपरांच्या रांगेत ही बुटकी गाडी ड्रायव्हरला दिसणारही नाही. तेथे तिला सोडणे म्हणजे पोराला मरणाच्या दारात सोडणे. माझी मागणी रस्त्याची नाहीच. चोरीच्या मालाचा संशयही रास्त आहे. पण त्यावर उपाय आहे. इंजिनाचा आणि सांगाड्याचा क्रमांक लिहून भंगारवाल्याने पावती द्यावी, ती पोलिसांकडे नोंदवावी. ज्याला चोरी पकडावयाची आहे त्याला तर ही वही सोन्याची वाटली पाहिजे.

साहित्यिकांच्या वाट्यालाही दोन शब्द येणे भाग आहे, कारण हा अंक त्यांचा. आमच्या कथा-कादंबऱ्यांत कष्टकरी माणूस येतो तो बहुधा सोसावयास येतो. तो उपाशी राहतो, दारू पितो, संपात मरतो, गावी परत जातो. परंतु तो काम कसे करतो, टाका कोठे मारतो, ओळंबा कसा धरतो, हे लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजावे. १८९५ साली चौपाटीवर तळपद्यांचे विमान उडाले की नाही यावर आम्ही अजून हिरिरीने भांडतो. ज्या ग्रंथाचा त्यासाठी हवाला देतात त्यातली विमाने उडूच शकत नाहीत, असे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९७४ सालीच दाखवून दिले, तरी भांडतो. आणि मंडाळ्याच्या शेडमध्ये जे खरोखर चालू झाले होते त्याची बातमी चार ओळींची आली असती, तीही ‘चोरीचा संशय’ या मथळ्याखाली.

तो मुलगा आता अठरा पुरा आहे. वेल्डिंगची काच आणि हातमोजे त्याने ग्रिलवाल्याला परत केले. भाड्याच्या विजेच्या स्कूटरवर तो लोकांच्या घरी जेवणाचे डबे पोचवतो. स्कूटरचा स्क्रूसुद्धा उघडण्याची त्याला मनाई आहे, करारात तसे लिहिले आहे. परवा स्टेशनाबाहेर भेटला. म्हणाला, “सर, हिचं हँडल जरा थरथरतं. मला कळतं कशानं, पण हात लावता येत नाही.”

मागणे मोठे नाही. दर उपनगरात एका आयटीआयच्या आवारात रविवारी भट्टी, व्हाइस आणि वेल्डिंगचे यंत्र सोळा वर्षांवरील मुलांसाठी उघडे ठेवा, जवळ एक निदेशक बसवा. तेथे झालेल्या गाडीला तपासून ‘फक्त बंदिस्त मैदानात’ असा शिक्का असलेला कागद द्या. मैदान आठवड्यातून दोन तास मिळाले तरी पुरे. तपासणीची फी पाच हजार ठेवलीत तरी माझी तक्रार नाही. गाडीतल्या एका बदलाचा दंडही आज तेवढाच आहे. तपासणारे कोठून आणावयाचे, हा प्रश्न निदान महाराष्ट्राला पडू नये. पुण्याहून दोन माणसे सकाळच्या गाडीने निघाली तर दुपारी बाराच्या आत मानखुर्दला पोचतात, आणि दहा गाड्या पाहून रात्री आपल्या घरी जेवावयास जाऊ शकतात.